मराठीच्या वाटेने फ्रेंच व्याकरण : वाचकांचे प्रश्न

फ्रेंच शिकणाऱ्या वाचकांनी व्याकरणातील आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन मागील अंकात केले होते. सातारा, वाई, कराड, सांगली आणि मिरज येथून आलेल्या पत्रांपैकी ज्या अडचणी एकाहून अधिक वाचकांनी मांडल्या आहेत, त्या येथे घेतल्या आहेत. पत्रलेखकांत अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेले विद्यार्थी आहेत, देल्फ या फ्रेंच प्रावीण्य परीक्षेची तयारी करणारे नोकरदार आहेत आणि केवळ हौसेने शिकणाऱ्या एक निवृत्त शिक्षिकाही आहेत. जवळजवळ सर्वांना फ्रेंच इंग्रजीतून समजावले जाते. पत्रे वाचताना मला पुन्हा पुन्हा असे जाणवले की, पुष्कळ अडचणी फ्रेंचच्या नसून इंग्रजीच्या वळशाने जाण्यामुळे उद्भवलेल्या आहेत. म्हणून शक्य तेथे मी थेट मराठीचा आधार घेतला आहे, आणि जेथे मराठीच आपल्याला चुकीकडे नेते तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. 'यू' असे लिहिले आहे तेथे ओठ 'ऊ'साठी करतो तसे गोल ठेवून 'ई' उच्चारावा, आणि 'ज' हा 'जीवन'मधला असला तरी तो जीभ टाळूला न टेकवता म्हणावा. 'ल', 'द', 'क' यांतील स्वर अगदी ओझरता आहे.

प्रश्न : मराठीत तीन लिंगे आहेत आणि फ्रेंचमध्ये दोनच. मग आपले नपुंसकलिंगी शब्द तेथे कोठे जातात? चंद्र तिकडे स्त्रीलिंगी कसा? लिंग ओळखण्याचा काही नियम आहे का? (अकरावीतील विद्यार्थिनी, सांगली)

फ्रेंच ज्या लॅटिनपासून निघाली त्या लॅटिनमध्येही मराठीसारखी तीन लिंगे होती. पुढे नपुंसकलिंग लोपले आणि त्यातील बहुतेक शब्द पुल्लिंगात मिसळले. काही मात्र स्त्रीलिंगात गेले. समुद्रासाठीचा 'मारे' हा लॅटिन शब्द नपुंसकलिंगी होता, तो फ्रेंचमध्ये 'ला मेर' असा स्त्रीलिंगी झाला. झाडाच्या पानासाठीच्या 'फोलियुम' या नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन 'फोलिया' होते. शेवटच्या 'आ'मुळे ते स्त्रीलिंगी एकवचनासारखे भासू लागले आणि त्यातून आजचा 'ला फय' आला. चंद्राचे म्हणाल तर लॅटिनमधील 'लूना' मुळातच स्त्रीलिंगी, म्हणून 'ला ल्यून'. आपला चंद्र संस्कृतातूनच पुल्लिंगी आला आहे. दोन्ही भाषा आपापला वारसा सांभाळत आहेत, त्यामुळे मराठीतील लिंग फ्रेंचमध्ये नेण्याचा प्रयत्न करू नये. घर, पुस्तक आणि टेबल ही तिन्ही आपल्याकडे नपुंसकलिंगी असली तरी फ्रेंचमध्ये 'ला मेझों' आणि 'ला ताब्ल' स्त्रीलिंगी आहेत, तर 'ल लीव्र' पुल्लिंगी आहे.

शब्दाच्या शेवटावरून काही अंदाज बांधता येतो. 'स्यों' या ध्वनीने संपणारी 'नास्यों', 'स्तास्यों' यांसारखी भाववाचक वळणाची नामे स्त्रीलिंगी असतात. 'माँ'ने संपणारी 'मोमाँ', 'आपार्तमाँ' यांसारखी नामे पुल्लिंगी असतात. घोडीसाठीचा 'ज्यूमाँ' हा शब्द मात्र, अर्थातच, स्त्रीलिंगी आहे. 'आज'ने संपणारी 'व्हिलाज', 'फ्रोमाज', 'व्हवायाज' ही पुल्लिंगी, पण पुस्तकाचे पान, समुद्रकिनारा, चित्र, पिंजरा, पोहणे आणि संताप या अर्थांचे 'पाज, प्लाज, इमाज, काज, नाज, राज' हे सहा शब्द स्त्रीलिंगी आहेत. हे सहा एका दमात पाठ करावेत.

तरीही नियमांपेक्षा कानावर अधिक विसंबावे, असे मी सांगेन. आपण 'एसटी आली', 'ट्रक आला' आणि 'टेबल हलले' असे बोलतो, तेव्हा या परक्या शब्दांचे लिंग आपल्याला कोणी शिकवलेले नसते. स्टँडवर उभे राहून 'आली रे आली' हे इतक्या वेळा ऐकलेले असते की एसटीला 'आला' म्हणणे जिभेवर येतच नाही. फ्रेंचमध्ये हे काम 'ल' आणि 'ला', किंवा 'अँ' आणि 'यून', ही उपपदे करतात. म्हणून वहीत नुसते 'ताब्ल' कधीही लिहू नये, 'यून ताब्ल' असेच लिहावे आणि तसेच मोठ्याने म्हणावे. उपपद बदलले तर काही वेळा शब्दच बदलतो : 'ल तूर' म्हणजे फेरी, म्हणून सायकलशर्यत 'ल तूर द फ्राँस', 'ला तूर' म्हणजे मनोरा, म्हणून 'ला तूर एफेल'.

प्रश्न : भूतकाळात 'जाणे'साठी 'एत्र' (असणे) आणि 'लिहिणे'साठी 'आव्वार' (जवळ असणे) हे सहायक क्रियापद का लागते? शिवाय 'आव्वार'बरोबर कृदंत बदलत नाही असे एका धड्यात सांगतात आणि पुढच्याच धड्यात ते बदलते असे म्हणतात. यातले खरे काय? (अभियंता, कराड)

हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत आला आहे, आणि मराठी माणसाला तो सर्वांत सोपा वाटायला हवा, असे माझे ठाम मत आहे. इंग्रजीत 'जाणे' आणि 'लिहिणे' यांचा भूतकाळ एकाच पद्धतीने होतो, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला फ्रेंचमधील हा भेद मनमानी वाटतो. मराठीत मात्र तो भेद आपण रोज करतो. 'तो गेला, ती गेली' यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, म्हणजे प्रयोग कर्तरी असतो. 'त्याने चिठ्ठी लिहिली, तिने निबंध लिहिला' यात कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते, म्हणजे प्रयोग कर्मणी असतो.

आता फ्रेंचमध्ये 'एत्र' घेणारी क्रियापदे पाहा : जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, आत येणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, पडणे, मागे राहणे, परतणे, जन्मणे, मरणे. यांतले एकही क्रियापद मराठीत 'ने' घेत नाही. उठणे, बसणे, झोपायला जाणे ही क्रियापदे फ्रेंचमध्ये आत्मवाचक होऊन 'एत्र' घेतात, आणि मराठीत 'ती उठली, ती बसली' असेच म्हटले जाते. 'एत्र' आले की कृदंत कर्त्याप्रमाणे बदलते. 'इल ए मोर' म्हणजे 'तो वारला' आणि 'एल ए मोर्त' म्हणजे 'ती वारली'. येथे बदल कानालाही कळतो. 'एल ए पार्ती', म्हणजे 'ती निघाली', यात तो ऐकू येत नाही, पण लिहिताना शेवटी एक जादा 'ई' हे रोमन अक्षर द्यावे लागते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. 'एत्र' असेल तर मराठीत बहुधा कर्तरी प्रयोग असतो, पण मराठीत कर्तरी आहे म्हणून फ्रेंचमध्ये 'एत्र' येईलच असे नाही. चालणे, धावणे, पोहणे, हसणे, नाचणे यांना आपण 'ने' लावत नाही, तरी फ्रेंच त्यांना 'आव्वार' देते : 'इल आ मार्शे', 'इल आ कूर्यू'. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे किंवा एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे असा अर्थ असणाऱ्या मोजक्या क्रियापदांपुरतेच 'एत्र' राखून ठेवलेले आहे.

हीच क्रियापदे कर्म घेऊ लागली तर काय होते, तेही मराठीच उत्तम सांगते. 'ती अजिंक्यताऱ्यावर चढली' यात 'एल ए मोंते' आहे. 'तिने बॅग माडीवर चढवली' यात 'एल आ मोंते' आहे. 'ती बाहेर पडली' म्हणजे 'एल ए सोर्ती' आणि 'तिने वही बाहेर काढली' म्हणजे 'एल आ सोर्ती'. मराठीत क्रियापदच बदलते, फ्रेंच ते न बदलता सहायक बदलते. मनात मराठी वाक्य जुळवावे आणि त्यात 'ने' आला की 'आव्वार' घ्यावे. या तेरा-चौदा क्रियापदांपुरती ही कसोटी सहसा फसत नाही.

आता दुसरा भाग. 'जे एक्री ला लेत्र' म्हणजे 'मी चिठ्ठी लिहिली'. चिठ्ठी स्त्रीलिंगी असूनही कृदंत 'एक्री'च राहिले. पण 'ला लेत्र क जे एक्रीत' म्हणजे 'मी लिहिलेली चिठ्ठी' असे म्हटले की 'एक्री'चे 'एक्रीत' होते. तुमचे दोन्ही धडे खरे आहेत : कर्म नंतर आले तर कृदंत बदलत नाही, कर्म आधी येऊन गेले असेल तर ते कर्माप्रमाणे बदलते.

याचे मूळ पाहिल्यास हा नियम परका वाटत नाही. लॅटिनमध्ये 'एपिस्तुलाम स्क्रिप्ताम हाबेओ' अशी रचना होती. तिचा शब्दशः अर्थ 'मजपाशी लिहिलेली चिठ्ठी आहे' असा आहे. तेथे 'लिहिलेली' हे चिठ्ठीचे विशेषण होते, म्हणून ते चिठ्ठीप्रमाणे चालत असे, आणि 'आव्वार'चा मूळ अर्थ 'जवळ असणे' हाच आहे. आपल्याकडेही 'मया पत्रिका लिखिता' या संस्कृत रचनेतूनच 'मी पत्रिका लिहिली' ही रचना आली आहे, आणि तेथेही कृदंत कर्माचे विशेषण होते. मराठीने कर्माशी असलेला हा मेळ शब्दक्रम काहीही असला तरी टिकवला. फ्रेंचमध्ये तो डळमळीत झाला आणि सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देत, कर्म आधी आले तर मेळ राखावा असा नियम पद्यात सांगितला. तोच पुढे व्याकरणात रूढ झाला. हा नियम सोडून द्यावा असे आजचे काही फ्रेंचभाषक शिक्षक आणि भाषातज्ज्ञ म्हणतात, पण परीक्षेत तो पाळावाच लागतो. 'मी लिहिलेला, लिहिलेली, लिहिलेले' असे म्हणून पाहिले की आपल्याला तो पाळणे जड जाऊ नये.

मराठीतील अपवाद मात्र तिकडे नेऊ नयेत. 'मी चहा प्यायलो', 'मी धडा शिकलो', 'मी नाव विसरलो' यांत कर्म असूनही आपण कर्तरी प्रयोग करतो. फ्रेंचमध्ये या तिन्ही ठिकाणी निमूटपणे 'आव्वार' येते.

प्रश्न : 'माझे वडील आले' याचे भाषांतर मी अनेकवचनात केले, ते चूक ठरले. आदर कसा दाखवायचा? (बारावीतील विद्यार्थी, वाई)

फ्रेंचमध्ये आदरार्थी अनेकवचन फक्त समोरच्या व्यक्तीशी बोलताना येते. 'त्यू' म्हणजे 'तू' आणि 'व्हू' म्हणजे 'तुम्ही' किंवा 'आपण'. ज्यांच्याविषयी बोलतो ते कितीही थोर असले तरी तृतीय पुरुषात एकवचनच येते : 'मों पेर ए तारिव्हे'. त्यात अनादर नाही. 'व्हू' एकाच व्यक्तीला उद्देशून असेल तर क्रियापद अनेकवचनी येते, पण कृदंत त्या एका व्यक्तीचेच लिंग आणि वचन घेते. 'बाई, आपण आलात' असे लिहिताना 'आरिव्हे' या शब्दाला स्त्रीलिंगाचा 'ई' लागेल, अनेकवचनाचा 'एस' लागणार नाही.

प्रश्न : 'सों फ्रेर' म्हणजे 'त्याचा भाऊ' की 'तिचा भाऊ'? आणि मैत्रीण स्त्रीलिंगी असताना 'मा' न येता 'मों नामी' कसे? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

दोन्ही अर्थ बरोबर आहेत. आपला 'तिचा' हा शब्द सुटा करून पाहावा : 'ति' हा भाग मालकिणीविषयी सांगतो आणि 'चा' हा भाग भावाविषयी. मराठी दोन्ही टोके सांभाळते. इंग्रजी फक्त पहिला भाग ठेवते, म्हणून तेथे भाऊ असो की बहीण, मालकाचे लिंग तेवढे कळते. फ्रेंच फक्त दुसरा भाग ठेवते. 'सों' म्हणजे जणू नुसते 'चा' आणि 'सा' म्हणजे नुसते 'ची'. कोणाचा ते संदर्भावरून घ्यायचे. म्हणून 'तिचा भाऊ' म्हणताना मनात 'ती' आली तरी 'सा' लिहू नये.

'मों नामी'चे कारण उच्चारात आहे. 'मा'नंतर लगेच 'आमी'तील 'आ' आला की दोन स्वर एकमेकांवर आदळतात. जुन्या फ्रेंचमध्ये संधी करून 'मामी' असे म्हणत असत. पुढे ती रीत मागे पडली आणि स्वरापूर्वी पुल्लिंगी 'मों' वापरण्याची रीत आली. 'मों नेकोल' म्हणजे 'माझी शाळा', हेही तसेच. नाम मात्र स्त्रीलिंगीच राहते, त्याचे विशेषण स्त्रीलिंगीच येते.

प्रश्न : 'मला भूक लागली आहे', 'मी दहा वर्षांपासून सांगलीत राहते' अशी साधी वाक्येही माझी चुकतात. (परिचारिका, सांगली)

आपण पाठवलेली वाक्ये मी लक्षपूर्वक वाचली. ती सर्व मनात आधी इंग्रजीत तयार झालेली आहेत. इंग्रजीत माणूस 'भुकेला असतो', म्हणून आपण 'असणे' हे क्रियापद वापरले. मराठीत भूक हे नाम आहे आणि फ्रेंचमध्येही 'फें' हे नामच आहे. ती माझ्यापाशी असते, म्हणून 'जे फें'. तहान 'स्वाफ', भीती 'पर' आणि थंडी 'फ्र्वा' यांनाही हेच लागू आहे.

'दहा वर्षांपासून राहते' यात आपण मराठीत वर्तमानकाळ वापरतो, कारण राहणे अजून चालू आहे. फ्रेंचही तेच करते : 'जाबीत आ सांगली दप्वी दी झाँ'. इंग्रजी तेथे पूर्ण वर्तमानकाळ आणते आणि आपण त्यामागे जाऊन भूतकाळ लिहिलात. सांगलीत दहा वर्षे राहून नंतर मिरजेला गेला असाल, तरच 'दप्वी' सोडून 'पाँदाँ' घ्यावे आणि भूतकाळ वापरावा.

'इल म फो अँ लीव्र' हे वाक्यही जरा थांबून पाहावे. 'मला एक पुस्तक पाहिजे' या वाक्याची घडण बरीचशी अशीच आहे, 'मी' दोन्हीकडे चतुर्थीत आहे. 'स लीव्र म प्ले' म्हणजे 'हे पुस्तक मला आवडते'. येथे तर दोन्ही भाषांत पुस्तक कर्ता आहे आणि 'मी' चतुर्थीत आहे.

प्रश्न : 'त्याला' यासाठी 'ल' कधी आणि 'ल्वी' कधी वापरावे? (कराड, मिरज आणि सातारा येथील वाचक)

येथे मराठी खरोखरच फसवते, कारण 'मी त्याला पाहिले' आणि 'मी त्याला पुस्तक दिले' या दोन्ही वाक्यांत आपण 'ला'च लावतो. पहिल्या वाक्यात 'तो' प्रत्यक्ष कर्म आहे, तेथे 'ल' हवे. दुसऱ्यात तो अप्रत्यक्ष कर्म आहे, तेथे 'ल्वी' हवे. ओळखण्यासाठी माणसाच्या जागी एखादी वस्तू किंवा झाड ठेवावे. 'मी चित्र पाहिले' यात 'ला' गळून पडला, म्हणजे कर्म प्रत्यक्ष आहे. 'मी झाडाला पाणी दिले' यात 'ला' टिकून राहिला, म्हणजे कर्म अप्रत्यक्ष आहे. ही कसोटी बहुतेक वेळा पुरते, पण काही क्रियापदे पाठच करावी लागतात. 'त्याला मदत केली', 'त्याची वाट पाहिली', 'त्याचे ऐकले' यांना फ्रेंचमध्ये प्रत्यक्ष कर्म लागते. 'तिच्याशी बोललो', 'तिला फोन केला', 'तिला विचारले' यांना 'ल्वी' लागते. अप्रत्यक्ष कर्माचे 'ल्वी' हे स्त्री आणि पुरुष दोघांसाठी एकच आहे.

प्रश्न : 'स्यूब्जाँक्तीफ' हा प्रकार समजत नाही. इंग्रजीत असे फारसे काही दिसत नाही, मग तो कशाशी जुळवावा? (देल्फची तयारी करणारे वाचक, सातारा)

तो आपल्या विध्यर्थाशी जुळवावा. 'तू येतोस' ही घडणारी गोष्ट आहे. 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' यात येणे अजून मनातच आहे. फ्रेंचमध्ये 'त्यू व्हियें' म्हणजे 'तू येतोस', आणि 'ज व्हो क त्यू व्हिएन' म्हणजे 'तू यावेस असे मला हवे आहे'. इच्छा, आवश्यकता, आज्ञा आणि हेतू यांत ही जोडी फार चांगली जुळते. 'इल फो क त्यू व्हिएन' म्हणजे 'तू यायला हवेस', आणि 'पूर किल कोंप्रेन' म्हणजे 'त्याला समजावे म्हणून'. 'यावे, करावे, समजावे' अशी रूपे मनात आली की बहुधा हा प्रकार लागतो. 'तो येईल अशी मला आशा आहे' यात आपण भविष्यकाळ वापरतो आणि फ्रेंचही 'जेस्पेर किल व्हिएंद्रा' असा भविष्यकाळच वापरते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दोन ठिकाणी मात्र आपला विध्यर्थ साथ देत नाही. पहिले ठिकाण भावनांचे. 'तो आला याचा मला आनंद आहे' यात येणे प्रत्यक्ष घडून गेले आहे, म्हणून मराठी साधा भूतकाळ वापरते. फ्रेंच मात्र, घटना खरी असली तरी ती मनाच्या प्रतिक्रियेतून पाहिली जात आहे एवढ्यावरून, येथेही 'स्यूब्जाँक्तीफ' मागते. दुसरे ठिकाण नकाराचे. 'तो येईल असे मला वाटते' आणि 'तो येईल असे मला वाटत नाही' यांत आपला 'येईल' जागचा हलत नाही. फ्रेंचमध्ये पहिल्या वाक्यात भविष्यकाळ येतो, पण 'वाटत नाही' म्हटले की खात्री गेली, म्हणून 'ज न पाँस पा किल व्हिएन'. या दोन प्रकारांची पाच-पाच वाक्ये रोज लिहावीत. मराठीचा आधार नसल्यामुळे येथे सराव हाच उपाय आहे.

प्रश्न : ऐंशीला 'कात्र-व्हें', म्हणजे 'चार वीस', असे का म्हणतात? (शाळकरी विद्यार्थी, मिरज)

विसांनी मोजण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. आपल्याकडील 'कोडी' म्हणजे वीस नगच. फ्रेंचमध्ये तिची खूण ऐंशीत टिकली आहे, आणि नव्वद म्हणजे 'चार वीस दहा'. बेल्जियम आणि स्वित्झर्लंड येथे सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' म्हणतात, तेही ओळखता यावे. लिहिताना एक गोष्ट पाहावी : नुसत्या ऐंशीतील 'व्हें'ला अनेकवचनाचा 'एस' लागतो, पण एक्याऐंशीपासून पुढे तो जातो. १९९० मध्ये सुचवलेल्या शुद्धलेखनानुसार संख्येतील सर्व शब्द संयोगचिन्हाने जोडले तरी चालते.